दलदल कोणाच्या मालकीची?

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात, 'थँक्सगिव्हिंग'च्या सणाआधीच्या शनिवारी पहाटे, बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. राज्याची लोकसंख्या ६० लाखांच्या आतबाहेर. तीत या हंगामाचा परवाना काढणारे सुमारे साडेपाच लाख. म्हणजे सरासरीने दर अकरा माणसांत एक. यांत कारखान्यातील कामगार असतो, दुधाचा धंदा करणारा शेतकरी असतो, शाळामास्तर असतो आणि कॉलेजातला विद्यार्थीही असतो. शिकार म्हटली की आपल्याकडे संस्थानिकांचे हाके, हत्तीवरच्या अंबाऱ्या आणि राजवाड्याच्या भिंतीवर टांगलेली मुंडकी डोळ्यांसमोर उभी राहतात. विस्कॉन्सिनमधील शिकारीचे स्वरूप याहून मूलतः भिन्न आहे. ही भिन्नता शिकाऱ्याच्या स्वभावातून आलेली नाही. तो ज्या भूमीवर पाय ठेवतो, त्या भूमीच्या मालकीतून ती आलेली आहे.

ज्याच्यापाशी स्वतःची शेती वा खाजगी रान आहे, तो तेथेच मचाण बांधून बसतो. ज्याच्यापाशी काहीच नाही, त्याला सार्वजनिक भूमीवर जावे लागते. परंतु सार्वजनिक भूमीचा कोरडा, रस्त्यालगतचा भाग हंगामाच्या पहिल्या सकाळी माणसांनी गजबजून जातो आणि हरणे तेथून केव्हाच निघून गेलेली असतात. ती जातात दलदलीत. पाणकणसाच्या दाट बेटांमागे, वाळुंजासारख्या पाणथळ झुडपांत, आजूबाजूच्या चिखलाहून हातभर उंच असलेल्या एखाद्या कोरड्या उंचवट्यावर ती अंग टाकतात. तेव्हा निर्धन परंतु चिकाटीच्या शिकाऱ्याला दलदलीचा मार्ग धरण्यावाचून गत्यंतर नसते.

तयारीचे व्याकरण

या मार्गाची तयारी हंगामाच्या कित्येक महिने आधी सुरू होते. प्रथम नकाशे आणि विमानातून घेतलेली छायाचित्रे पाहून सार्वजनिक भूमीची सीमा नेमकी कोठे संपते, हे निश्चित करावे लागते. कारण पलीकडे पाऊल पडले की तो अतिक्रमणाचा गुन्हा होतो. त्याच छायाचित्रांत पाण्यामधले उंचवटे आणि गवतात उमटलेल्या हरणांच्या वाटा शोधायच्या. मग प्रत्यक्ष जाऊन ठसे, लेंड्या, झाडाच्या सालीवर नराने शिंगे घासल्याच्या खुणा तपासायच्या. हरणाचे नाक अत्यंत तीक्ष्ण. म्हणून कोणत्या दिशेचा वारा असताना कोणत्या वाटेने शिरायचे, याचे दोन-तीन पर्याय आधीच ठरवून ठेवावे लागतात. छातीपर्यंत पोचणारे रबरी जोडे, होकायंत्र, कोरड्या कपड्यांचा जादा जोड, सपाट तळाची होडी किंवा बर्फावरून ओढायची घसरगाडी, हे सर्व जमवावे लागते. नोव्हेंबरअखेर दलदलीवर बर्फाचा पापुद्रा धरतो; तो होडीला अडवण्याइतका जाड असतो, पण माणसाचे वजन पेलण्याइतका नसतो. त्या पाण्यात पडलेला माणूस अल्पावधीत थंडीने गारठून प्राणास मुकू शकतो.

सर्वांत महत्त्वाचा हिशेब मात्र बार काढण्यापूर्वी करायचा असतो. आतडी काढल्यानंतरही मोठ्या नराचे धूड ६०-७० किलो भरते. ते चिखलातून मैलभर ओढून आणणे शक्य नसेल, तर बंदूक उचलायचीच नाही, हा जाणत्यांचा संकेत आहे.

या स्वेच्छेच्या नियमांवर कायद्याचे नियम आहेत. १ जानेवारी १९७३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीला शिकारीचे शिक्षण पूर्ण केल्याशिवाय सामान्यतः परवाना मिळत नाही. कमरेवरच्या पोशाखाचा निम्मा तरी भाग भडक नारिंगी, किंवा २०१६ पासून भडक गुलाबी, असावा लागतो. सार्वजनिक भूमीवर कायमचे मचाण बांधता येत नाही. राज्याच्या दक्षिण भागात तर दिवसाअखेर ते काढूनच न्यावे लागते, जेणेकरून चांगली जागा कोणी कायमची अडवू नये. मारलेल्या जनावराची नोंद दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाच वाजेपर्यंत करावी लागते. आणि सर्वांत अर्थपूर्ण नियम हा की, रानातल्या हरणाचे मांस विकता येत नाही. ते खावे, वाटावे, दान द्यावे. बाजारात मात्र आणू नये.

हा शेवटचा नियम मोठ्या अनुभवानंतर आलेला आहे. एकोणिसाव्या शतकात शहरांतील मांसाच्या बाजारासाठी धंदेवाईक शिकाऱ्यांनी अमेरिकेतील रानेच्या राने रिकामी केली. १९०० सालच्या सुमारास तेथे पांढऱ्या शेपटीची हरणे जेमतेम पाच लाखांपर्यंत उरली होती, असा अंदाज आहे. त्याच वर्षी 'लेसी कायद्या'ने बेकायदा मारलेल्या वन्यप्राण्यांच्या आंतरराज्य व्यापाराला बंदी केली. आज या हरणांची संख्या तीन कोटींच्या आसपास मानली जाते. बाजारभाव ज्या प्राण्याला संपवीत होता, तो प्राणी बाजारातून बाहेर काढल्यावर वाचला, ही घटना बाजारपेठेच्या सर्वशक्तिमानतेवर विश्वास असणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी अशी आहे.

एका भूमीवरील चार प्रयोग

तथापि केवळ प्राणी वाचवून भागत नाही. त्याला राहायला भूमी लागते. आणि दलदलीइतकी उपेक्षित भूमी दुसरी नाही. १८४९, १८५० आणि १८६० सालच्या 'स्वॅम्प लँड' कायद्यांनी अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने कोट्यवधी एकर दलदल राज्यांच्या हवाली केली, ती विकून त्या पैशातून चर खणावेत आणि पाणी काढून टाकून शेती करावी, या हेतूने. दलदल म्हणजे रोगट, निरुपयोगी जागा, हे त्यामागचे गृहीत होते. परिणामी अलास्का व हवाई वगळता देशातील २२ कोटी १० लाख एकर पाणथळ भूमीपैकी १९८० च्या दशकापर्यंत केवळ १० कोटी ४० लाख एकर उरली.

या धोरणाचा हिशेब एकाच ठिकाणी पाहायचा असेल, तर तो विस्कॉन्सिनमधील होरिकॉनच्या दलदलीत पाहावा. रॉक नदीच्या काठची ही सुमारे ३३ हजार एकरांची पाणथळ भूमी. १८४६ साली लाकडाच्या गिरणीसाठी नदीवर बंधारा घालून तिचा जलाशय करण्यात आला. जमीनधारकांशी वाद झाले आणि १८६९ साली बंधारा काढावा लागला. दलदल परत आली, तिच्याबरोबर लक्षावधी बदके आली, आणि त्यांच्यामागोमाग श्रीमंतांचे शिकारी क्लब व बाजारासाठी मारणारे शिकारी आले. बदके रोडावल्यावर १९१० ते १९१४ या काळात खाजगी भांडवलाने मोठा चर खणून दलदल कोरडी केली आणि तीवर शेती मांडली. ती शेती फसली. शतकानुशतके साचलेल्या अर्धकुजक्या वनस्पतींचे थर, ज्यांना पीट म्हणतात, ते उघडे पडून सुकले आणि त्यांना आगी लागल्या. जमिनीच्या पोटातच धुमसणाऱ्या या आगी विझवणेही दुष्कर होते.

गिरणीमालक, क्लब आणि शेतीची कंपनी, या तिन्ही मालकांनी आपापल्या परीने शहाणपणाचाच व्यवहार केला होता. प्रत्येकाने त्या भूमीतील एकच वस्तू पाहिली आणि तिची किंमत केली. दलदल पुराचे पाणी धरून ठेवते, गाळ अडवते, हरणांना व पक्ष्यांना आसरा देते. ही सेवा कोणाच्याच जमाखर्चात नव्हती, कारण तिचे ग्राहक विखुरलेले होते आणि त्यांच्याकडून वसुली करण्याचा मार्ग कोणापाशी नव्हता. अर्थशास्त्रात बाजाराचे अपयश ज्याला म्हणतात, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

चौथा प्रयोग सार्वजनिक मालकीचा. स्थानिक शिकाऱ्यांनी व निसर्गप्रेमींनी चळवळ केली, १९२७ साली राज्याच्या विधिमंडळाने होरिकॉनसाठी कायदा केला, जमिनी विकत घेतल्या गेल्या आणि १९३४ साली पाण्याची पातळी पूर्ववत करणारे धरण उभे राहिले. उत्तरेकडचा दोनतृतीयांश भाग १९४१ साली मध्यवर्ती सरकारचे आश्रयस्थान झाला. दक्षिणेकडचा राज्याकडे राहिला आणि तेथील बऱ्याच भागात नियमानुसार शिकार खुली आहे. १९९० साली या दलदलीची आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर स्थळांत नोंद झाली. जी जागा तीन मालकांच्या हाती तोट्याची ठरली, तीच आज कोणाही सामान्य माणसाला परवाना खिशात घालून मोकळेपणाने शिरता येईल अशी आहे.

पैसा कोणाचा, अधिकार कोणाचा?

सार्वजनिक मालकी म्हटले की पुढचा प्रश्न येतो तो पैशाचा. १९३७ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केलेल्या 'पिटमन-रॉबर्टसन' कायद्याने त्याचे एक उत्तर दिले. बंदुका व काडतुसे यांवरील ११ टक्के अबकारी कर त्यापूर्वीही होता. या कायद्याने तो वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. राज्यांना त्याची वाटणी करताना निम्मा भार क्षेत्रफळाला आणि निम्मा परवानाधारकांच्या संख्येला दिला. मंजूर कामाचा ७५ टक्क्यांपर्यंत खर्च या निधीतून मिळतो, उरलेला राज्याने घालायचा. यातली मर्माची अट अशी की, शिकारीच्या परवान्यांचे पैसे दुसऱ्या कोणत्याही खात्याकडे वळवणार नाही, असा कायदा ज्या राज्याने केला नसेल, त्याला या निधीतून छदामही मिळणार नाही. मंदीच्या काळात, प्रत्येक सरकारला पैशाची चणचण असताना, ही अट घातली गेली, हे विशेष.

पैसा देणाऱ्याला बोलण्याचाही अधिकार आहे. १९३४ पासून विस्कॉन्सिनमध्ये 'कॉन्झर्व्हेशन काँग्रेस' नावाची नागरिकांची संस्था आहे. ७२ परगण्यांपैकी प्रत्येकातून पाच, असे तिचे ३६० प्रतिनिधी लोक निवडतात आणि दर वसंत ऋतूत शिकार व मासेमारीच्या प्रस्तावित नियमांवर सामान्य नागरिक मत नोंदवतात. ही मते सल्ल्याच्या स्वरूपाची असतात, पण त्यांच्याकडे सहसा काणाडोळा करता येत नाही.

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली असा सिद्धान्त मांडला होता की, सामाईक कुरण प्रत्येकाच्या स्वार्थाने अखेर उद्ध्वस्तच होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जगभरची उदाहरणे देऊन दाखवले की, सीमा स्पष्ट असतील, नियम वापरणाऱ्यांच्या संमतीने झाले असतील आणि देखरेख त्यांचीच असेल, तर सामाईक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सीमेचा नकाशा हातात घेऊन, मचाण पाठीवर वाहून नेणारा आणि मारलेल्या हरणाची नोंद करणारा तो शिकारी ऑस्ट्रॉम यांच्या सिद्धान्ताचेच चालते-बोलते प्रमाण होय.

आक्षेपांची बाजू

या व्यवस्थेवर आक्षेप नाहीत असे नव्हे. पहिला आक्षेप हिंसेचा. करमणुकीसाठी प्राण घेणे कित्येकांना असह्य वाटते आणि त्या भावनेचा आदर केला पाहिजे. परंतु विस्कॉन्सिनमधून लांडगा १९६० च्या सुमारास नाहीसा झाला होता. तो पुढे परतला, तरी राज्याच्या फार मोठ्या भागात हरणांवर निसर्गाचा अंकुश उरलेला नाही. संख्या बेसुमार वाढली की हरणे जंगलाची कोवळी रोपे खाऊन टाकतात आणि कडक हिवाळ्यात उपासमारीने मरतात. विस्कॉन्सिन विद्यापीठातील प्राध्यापक आल्डो लिओपोल्ड यांनी १९४३ साली माद्यांचीही शिकार करू द्यावी, असा आग्रह धरला, तेव्हा त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. एका हरणाचे दुःख आणि साऱ्या रानाचे आरोग्य यांत त्यांनी दुसऱ्याची बाजू घेतली होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जिला आज सार्वजनिक म्हटले जाते, ती भूमी हो-चंक, पोटावाटोमी, ओजिब्वे आदी आदिवासी जमातींची होती. १८३७ व १८४२ च्या करारांत ओजिब्वे लोकांनी भूमी दिली, पण शिकारीचा व मासेमारीचा हक्क राखून ठेवला. तो हक्क राज्याने दीर्घकाळ नाकारला. १९८३ साली मध्यवर्ती अपील न्यायालयाने तो मान्य केला. 'सर्वांची' या शब्दात ज्यांचा समावेश झाला नव्हता, त्यांना तो करून घेण्यासाठी शतकाहून अधिक काळ थांबावे लागले.

तिसरा आक्षेप अर्थव्यवहाराचा. निधी शिकाऱ्यांच्या खिशातून येत असेल, तर ज्या प्राण्याची शिकार होत नाही त्याचा वाली कोण? दलदलीतल्या बेडकासाठी परवाना काढणारा कोणी नाही. शिवाय तरुण पिढी शिकारीपासून दूर जात आहे; २००० साली विस्कॉन्सिनच्या बंदूक हंगामाचे परवाने सात लाखांच्या जवळपास होते, तेथून ते खाली आले आहेत. २००२ साली राज्यात हरणांच्या मेंदूचा प्राणघातक रोग आढळला, त्याचीही चिंता आहे. एकाच वर्गाच्या वर्गणीवर उभी असलेली संस्था त्या वर्गाबरोबरच आकसते. शिकार न करणाऱ्या नागरिकानेही आपला वाटा उचलला पाहिजे, हा याचा निष्कर्ष आहे.

महाराष्ट्रापुरता बोध

यावरून महाराष्ट्रात शिकार खुली करावी, असा अर्थ कोणी काढू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आरंभी परवान्याने शिकारीला वाव होता. १९९१ च्या दुरुस्तीने तो बंद झाला. आपली दाट वस्ती, तुटपुंजी राने आणि कायद्याची अंमलबजावणी पाहता ते योग्यच झाले. विदर्भातील शेतकरी आजही रात्र रात्र मचाणावर जागतो, पण ते रानडुकरापासून व नीलगायीपासून पीक राखण्यासाठी. वन्यप्राण्यांचा खर्च त्याच्या माथी आणि निर्णय दूरच्या कचेरीत, अशी ही वाटणी आहे. परंपरेने शिकारीवर जगणाऱ्या पारध्यांना इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याची परिणती म्हणून गुन्हेगार जमात ठरवले गेले. १९५२ साली तो कलंक कागदावरून पुसला गेला. पण रानाविषयीचे त्यांचे ज्ञान रानाच्या राखणीत वापरावे, असे कोणाला फारसे सुचले नाही.

बोध घ्यायचा तो भूमीविषयी. विस्कॉन्सिनमधल्या दलदलीला जसे 'निरुपयोगी' ठरवले गेले, तसेच आपण गायरानाला, खाजणाला, गावतळ्याला 'पडीक' म्हणत आलो. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याची योजना करण्यास सर्व राज्यांना सांगावे लागले. २०१७ साली त्याच न्यायालयाने सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २ लाख १ हजार ५०३ पाणथळ जागांना संरक्षण देण्याचा आदेश दिला. नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी आता होरिकॉनप्रमाणेच रामसर यादीत आहेत. कागद कमी नाहीत. कमी आहे तो त्या जागेशी रोजचा संबंध असणाऱ्याचा अधिकार.

पैसाही नाही असे नाही. वनजमीन अन्य कामासाठी वळवणाऱ्यांकडून घेतलेल्या भरपाईच्या निधीतून ऑगस्ट २०१९ मध्ये २७ राज्यांना ४७ हजार कोटींहून अधिक रक्कम देण्यात आली. पण येथे पैसा देणारा तो देऊन मोकळा होतो. रोपे जगली की मेली, हे पाहायला तो परत येत नाही. विस्कॉन्सिनचा शिकारी मात्र पुढच्या नोव्हेंबरात त्याच दलदलीत उतरणार असतो. दोन्ही निधी राखीव आहेत, पण एकात देणाऱ्याचा जीव गुंतलेला आहे आणि दुसऱ्यात नाही.

याचा उपाय परदेशातून आणण्याची गरज नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. हद्द ठाऊक, वापरणारे ठाऊक, नियम त्यांचे आणि हिशेब चारचौघांत, ही चारही अंगे तेथे एकत्र आली. प्रत्येक पाणथळ जागेची हद्द गावाच्या नकाशावर आखावी. तेथील कोळी, भोई, गुराखी व शेतकरी यांच्या वापराचे हक्क लिहून ठेवावेत. त्या जागेपोटी येणारा पैसा तिच्यावरच खर्च व्हावा आणि त्याचा जमाखर्च दरवर्षी ग्रामसभेत वाचला जावा. राज्य सरकारने एवढे चार नियम काही मोजक्या तलावांपुरते जरी घालून दिले आणि पाच वर्षे प्रामाणिकपणे पाळले, तरी कोणते पाणी टिकते आणि कोणते बुजते, हे कोणाला सांगावे लागणार नाही.